तिसऱ्या अंकातली शिंक

घरातली ती सगळ्यांत धाकटी सून, म्हणून लग्न होऊन आली त्या दिवशीच तिला 'धाकटी' म्हणायला लागले, आणि पुढे केस पिकले तरी ते नाव काही मोठं झालं नाही. मुलगा शिकायला परगावी गेला, घर मोकळं झालं. अशा वेळी लोक योगासनांचा वर्ग लावतात, नाहीतर गच्चीत कुंड्या मांडतात. धाकटीनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय घेतला बालनाट्य. मुलांनी बघायची नाटकं आणि मुलांनीच करायची नाटकं, दोन्ही.

"म्हणजे तू ससा-कासवावर डॉक्टर होणार?" थोरल्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं.

"हो. त्यात वाघ ऐच्छिक आहे," धाकटी म्हणाली.

सकाळी ती वाचनालयात मुलांच्या विभागात काम करायची आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर नाटकं पसरून बसायची. त्या टेबलावर राक्षस, राजपुत्र, बोलकी भांडी आणि रुसलेले ढग अशी काही गर्दी व्हायची की सासूबाईंना भाजी निवडायला जागा उरायची नाही. "तुझ्या त्या परीराणीला जरा सरकव गं," असं म्हणून त्या मेथीची जुडी मधोमध ठेवायच्या.

तिचे मार्गदर्शक सर तसे सज्जन माणूस. त्यांची एकच सवय होती. हरकत घ्यायच्या आधी ते खोकायचे. विद्यार्थ्यांनी त्याचा तक्ताच पाठ केला होता. एकदा खोकले तर तळटीप चुकली. दोनदा खोकले तर प्रकरण पुन्हा लिहा. तीनदा खोकले तर विद्यार्थी घरी जाऊन पांघरूण घेऊन पडायचे. धाकटीनं 'वाघाची अडलेली शिंक' या नाटकावरचं प्रकरण सरांपुढे ठेवलं, आणि सर तीनदा खोकले.

हे नाटक तिला वाचनालयाच्या रद्दीत सापडलं होतं, एका शाळेच्या जुन्या वार्षिक अंकात. शेकडो बालनाट्यं वाचून तिचे कान किटले होते. जिकडेतिकडे मुलं शेवटी ओळीनं उभी राहून 'आम्ही आता खोटं बोलणार नाही' असं म्हणायची. या नाटकात कुणी शहाणं होत नव्हतं. एका वाघाला शिंक येऊ घातलेली असते आणि ती येत नाही, एवढीच गोष्ट. शिंक अडल्यामुळे वाघ चिडचिडा झालेला, आणि ती आली तर आपली घरटी-बिळं उडून जातील म्हणून जंगल घाबरलेलं. पहिल्या अंकात जंगलाची सभा भरते. दुसऱ्यात कासववैद्य एकामागून एक काढे देतं, ससा बिळातून फुकटचे सल्ले देतो. शेवटी वाघ खडकावर चढतो, तोंड उघडतो, "आ... आ..." करतो आणि पडदा पडतो. खाली छापलं होतं, 'तिसरा अंक पुढील अंकी.' पुढचा अंक निघालाच नाही. शाळेचा तो वार्षिक अंकच बंद पडला होता.

"शेवट माहीत नसताना तुम्ही या नाटकाची रचना कशी काय तपासणार?" सर म्हणाले. "वाघ शिंकला की नाही ते शोधा. नाहीतर हे नाटक गाळा."

धाकटीचा जीव या नाटकात अडकला होता. ती चेहरा पाडून घरी आली. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर तिनं सगळं सांगितलं. नवरा पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर, बोलणं बेताचं. त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "त्यात मी होतो."

"कशात?"

"त्याच नाटकात. मी झाड होतो."

धाकटीच्या हातातला चमचा हातातच राहिला. "लग्नाला इतकी वर्षं झाली. मी गेली चार वर्षं घरात बसून बालनाट्याशिवाय दुसरं बोलत नाहीये. आणि तू आत्ता सांगतोयस की तू झाड होतास?"

"तू विचारलंस कधी?" नवरा म्हणाला. "आणि झाडाला वाक्य नव्हतं गं एकही."

"ते राहू दे. वाघ शिंकला का?"

नवरा विचारात पडला. "शिंक ऐकू आली. पण माझ्या मागून आली."

"मागून म्हणजे कुठून?"

"ते कसं सांगू? माझ्या मागे सगळंच होतं. चित्रकलेच्या बाईंनी माझी पानं पाठीवर शिवली होती, कारण पुढं शिवली की मी ती उपटायचो. त्यामुळे झाड सगळा वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून उभं. मला फक्त मागचा रंगवलेला डोंगर दिसत होता. त्यावर एक पाल होती."

धाकटीनं आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. "आई, तुम्ही तर प्रेक्षकांत असणार! तुम्ही बघितलं असेल."

"बघितलं की!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "दुसऱ्या रांगेत बसले होते. याच्या सदऱ्याचं टोक पानांतून बाहेर आलं होतं. मी आपली हातानं खुणावतेय, आत घाल, आत घाल. पण या पठ्ठ्याची पाठ. त्याला दिसणार कसं?"

"आणि वाघ?"

"होता ना वाघ. कुठंतरी डाव्या अंगाला होता वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "अगं, आपलं पोर स्टेजवर असताना दुसऱ्याच्या वाघाकडे कोण बघतं?"

धाकटीला त्या रात्री जरा हसू आलं आणि जरा घामही फुटला. नाटकाचा प्रयोग एकच झाला होता, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी लागली होती. सभागृह खचाखच भरलेलं, पण त्यात बसलेले सगळे कुणाचे ना कुणाचे आईबाप. म्हणजे हे नाटक गर्दीपुढे झालं आणि एकाही माणसानं ते धड बघितलं नाही. आता विचारायचं तर नाटकातल्या पात्रांनाच. नवऱ्यानं सांगितलं, वाघ आता दातांचा डॉक्टर आहे, कासव न्यायाधीश झालंय, आणि ससा माल वाहून नेणाऱ्या ट्रकांचा धंदा करतो.

दुसऱ्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. तो एका गृहस्थाच्या दाढेत गुंतला होता. धाकटीनं दारातूनच विषय काढला, आणि डॉक्टरचे डोळे मास्कच्या वर असे काही चमकले की खुर्चीतल्या गृहस्थानं भीतीनं हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"वहिनी, शिंकलो का म्हणजे काय!" डॉक्टर म्हणाला. "अशी शिंकलो... अहो, अशी शिंकली की... माझी भाषाच गडबडते बघा आठवलं की. कागदाच्या लगद्याचा मुखवटा होता, वजनदार. तो उडाला वहिनी! थेट हवेत! तोंड मोठं उघडा हो, मिटू नका."

"आँ," गृहस्थ म्हणाले.

"मी खडकावर उभा. खडक म्हणजे स्टूल. वाक्य होतं, 'सावध व्हा, जंगलवासीयांनो!' मग आ... आ..." डॉक्टरनं हात वर केला. हातात दाढ कोरायचं यंत्र होतं. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. "आणि शिंकलो! टाळ्यांचा कडकडाट. माझ्या आयुष्यात असा क्षण पुन्हा आला नाही. दाढ काढल्यावर कोण टाळ्या वाजवतं?"

धाकटी खूश झाली. शेवट सापडला. वाघ शिंकतो. पण संशोधनात एका साक्षीवर भागत नाही, म्हणून रीत म्हणून ती न्यायाधीशबाईंकडेही गेली. इथेच माशी शिंकली.

न्यायाधीशबाई घरच्या बागेत नळी धरून उभ्या होत्या. प्रश्न ऐकला, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "वाघ शिंकला असं मी म्हणणार नाही."

"पण ते स्वतः म्हणतात!"

"म्हणू देत. वहिनी, तिसरा अंक सुरू झाला आणि मी पडले. कासवाची पाठ म्हणजे बाईंनी आणलेली मोठी वेताची टोपली. उताणी पडले, चारही पाय वर. उठता येईना. लोकांना वाटलं नाटकातच आहे, ते हसत सुटले. शेवटपर्यंत मी छत बघत होते. तेव्हा डोळ्यांची साक्ष मी फक्त छतापुरती देऊ शकते. मुखवटा वर गेलेला मी पाहिला. पण कानांची साक्ष वेगळी आहे."

"ती काय?"

"वाघ माझ्या डाव्या बाजूला, उंच स्टुलावर. आणि शिंक आली जमिनीलगत." न्यायाधीशबाईंनी भुवई उंचावली. त्या भुवईपुढे भल्याभल्या वकिलांची बोबडी वळत असणार. "शिवाय ती वाघाची नव्हती. बारीक होती. खरी होती. नाटकातली शिंक कशी असते, 'आक् छी', अगदी अक्षरं मोजून. ही तशी नव्हती. जमिनीलगत कोण होतं? मी होते, आणि मी शिंकले नाही. उरला कोण?"

उरला ससा.

सशाला बघून धाकटी दोन पावलं मागे सरकली. ट्रकांच्या आवारात जो माणूस तिच्याकडे चालत आला तो दाराच्या चौकटीत तिरका होऊनच मावला असता. पंजा परातीएवढा, आवाज तर ट्रकच्या हॉर्नशी स्पर्धा करणारा. हा ससा! पण हसला तेव्हा पुढचे दोन दात दिसले आणि बाईंनी सशासाठी यालाच का निवडलं ते तिला कळलं.

"मला काय विचारता वहिनी? मी बिळात होतो. बीळ म्हणजे टेबल, त्याच्यावर चादर. मला काय दिसणार?" तो म्हणाला आणि उगाचच एका ट्रकच्या टायरला लाथ मारून हवा तपासायला लागला.

"न्यायाधीशबाई म्हणतात, शिंक जमिनीलगत आली."

सशानं टायर सोडला. आजूबाजूला माल चढवणारी माणसं होती, त्यांना त्यानं चहाला पिटाळलं. मग एका खोक्यावर बसला. खोकं कुरकुरलं.

"ती लहानपणापासून अशीच आहे," तो म्हणाला. "उताणी पडली तरी कान टवकारून. ऐका आता. पण हे तुमच्या पुस्तकात नको."

आणि त्यानं सांगितलं. चादरीच्या फटीतून त्याला स्टूल दिसत होतं आणि स्टुलावर वाघाचे पाय. वाघानं "आ... आ..." केलं. पुन्हा "आ... आ..." केलं. तालमीत रोज येणारी शिंक त्या दिवशी काही केल्या येईना. सशाला वाटलं, व्वा, काय रंगवतोय! मग त्यानं पाहिलं, स्टुलावर थेंब पडतायत. मुखवट्याच्या आत वाघ रडत होता.

"आणि तुम्हाला ठाऊक आहे, आधी त्याला वाघ कुणी देत नव्हतं. बोलताना अडखळायचा तो. बाईंनी हट्टानं दिला. आता हा रडलेला दिसला तर जन्मभर शाळा त्याला रडका वाघ म्हणणार. मी काय करू? टेबलाखाली खडूंची खोकी ठेवलेली. एका खोक्यात नाक घातलं आणि दणदणीत ओढलं. सरपटत त्याच्या मागं गेलो आणि शिंकलो, वहिनी! अशी शिंक आली की माझंच डोकं स्टुलावर आपटलं. स्टूल हललं, तो दचकला, मुखवटा उडाला, ओले डोळे शिंकेच्या नावावर गेले, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. मी परत बिळात. त्याला वाटलं त्यालाच आली. म्हटलं, वाटू दे."

"आणि तुम्ही कधीच सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगू? अजूनही चार लोक जमले की तो सांगतो, मी कसा शिंकलो. चांगला सांगतो. मी पण टाळी देतो." सशानं आपला एक भला मोठा हात दुसऱ्या हातात धरला. "तुम्ही लिहिलंत तर तो वाचणार. नका लिहू."

धाकटीनं शब्द दिला आणि बाहेर पडताच तिला तो जड झाला. खरा शेवट हाताशी आला होता, तोही असा की सगळ्या बालनाट्यांत तिला तसा एक सापडला नव्हता, आणि तो लिहायचा नाही! चार दिवस ती घरात अशी काही फिरली की सासूबाईंनी भाजी निवडायला दुसरी खोली गाठली.

"तू असं लिही," नवऱ्यानं तोडगा काढला, "'एका पात्रास शिंक आली.'"

"सर खोकून खोकून बेजार होतील."

"मग बाईंना विचार. ज्यांनी नाटक लिहिलं त्यांना सोडून तू पात्रांच्या मागे का लागलीयस?"

"त्या आहेत?" धाकटी किंचाळली.

"असतील की. गेल्याच महिन्यात पाणी येत नाही म्हणून त्यांची तक्रार आली होती."

धाकटीनं कपाळावर हात मारला. या माणसाशी संसार म्हणजे दर वेळी योग्य प्रश्न विचारण्याची परीक्षा होती.

चित्रकलेच्या बाईंनी सत्तरी कधीच ओलांडली होती. त्या एका प्रशस्त, उजेडाच्या खोलीत राहत, आणि खोलीभर अर्धवट रंगवलेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. धाकटीनं विचारलं, तुम्ही शेवट काय लिहिला होता? बाई खळखळून हसल्या.

"मला आठवत नाही. आणि आठवून उपयोग काय? माझं लिहिलेलं ती पोरं कधी बोलली आहेत! 'सावध व्हा, जंगलवासीयांनो' हे वाक्य माझं नाहीच. मी 'पळा' लिहिलं होतं."

"पण प्रयोगात काय झालं ते तरी तुम्ही विंगेतून बघितलं असेल."

"छे! मी डोळे मिटून घेतले होते. मुलांचं नाटक बसवणारी बाई शेवटच्या प्रवेशात डोळे उघडे ठेवू शकत नाही. टाळ्या आल्या तेव्हा उघडले. त्यावरून शेवट चांगला झाला असं माझं मत आहे." मग त्या एकदम पुढे झुकल्या. "तू एकेकाला गाठून काय विचारत बसलीस? नाटक काय एकेकट्यानं सांगायची गोष्ट आहे? सगळ्यांना घेऊन ये. इथं करून दाखवू देत."

बाईंनी बोलावलंय म्हटल्यावर कुणाची टाळाटाळ करायची हिंमत झाली नाही. रविवारी दुपारी दातांचा डॉक्टर आला, न्यायाधीशबाई आल्या, ससा आपल्याच ट्रकमध्ये बसून आला आणि गल्ली अडवून बसला. सासूबाई म्हणाल्या, "मीही येणार. मी जुनी प्रेक्षक आहे." बाईंनी सगळ्यांना नजरेनं उभं केलं. न्यायालयात ज्यांच्यापुढे लोक उभे राहतात त्या बाई इथं हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

"जागा घ्या. तिसरा अंक. झाडा, या खेपेला तोंड इकडे."

झाड खिडकीपाशी तोंड वळवून उभं राहिलं. न्यायाधीशबाईंनी पाठीला उशी बांधली आणि कुणी सांगायच्या आत खाली झोपून चारही पाय वर केले. "उगाच वेळ घालवायला नको. शेवटी इथंच यायचंय," त्या म्हणाल्या. सशाला टेबलाखाली घालायला झाड आणि वाघ दोघांना ढकलावं लागलं, आणि तो आत गेल्यावर टेबलाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. डॉक्टर स्टुलावर चढला. मुखवटा नव्हता, म्हणून बाईंनी त्याच्या डोक्यावर दिव्याची कागदी टोपी ठेवली.

"सावध व्हा, जंगलवासीयांनो!" डॉक्टर गरजला.

"पळा," बाई पुटपुटल्या.

"आ... आ..."

डॉक्टरचा चेहरा वर, तोंड उघडं, डोळे किलकिले. "आ..." पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, बायकोमुलांचा धनी असलेला तो माणूस स्टुलावर उभा राहून शिंकेची वाट बघत होता आणि ती येत नव्हती. धाकटीला वाटलं, आता हे कसं निभावणार? टेबलाखाली खुडबुड झाली. सशाचा चेहरा चादरीबाहेर आला, लालबुंद, घाबरलेला.

तेव्हा डॉक्टरनं तोंड मिटलं, खाली पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काय रे सशा, खडू आणायला विसरलास का?"

क्षणभर कुणालाच काही कळेना. ससा उठायला गेला आणि टेबलासकट उठला.

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. घरी गेल्यावर आईनं माझी कॉलर झटकली तर मागून पांढरी पूड उडाली. म्हणाली, शिंकलास पुढे आणि खडू मागे कसा?"

"मग इतकी वर्षं सगळीकडे 'मी शिंकलो, मी शिंकलो' काय सांगत फिरतोस, वाघड्या!"

"तू गप्प होतास म्हणून," डॉक्टर म्हणाला. दिव्याची टोपी कानावर आली होती, ती त्यानं सावरली. "तू डोकं आपटून घेऊन मला एक शिंक दिलीस. ती मी 'नाही बुवा, माझी नव्हे' म्हणून परत करायची? म्हणून मग मी ती चांगली वापरली."

सशानं नाक ओढलं, आणि ते खडूमुळे नव्हतं. मग त्यानं डॉक्टरला स्टुलावरून उचलून खाली ठेवलं, जसं एखादं खोकं उतरवावं तसं. बाई टाळ्या वाजवायला लागल्या. जमिनीवरून आवाज आला, "अभिनंदन. माझा निकाल बरोबर ठरला. आता मला कुणीतरी उठवा."

उठवाउठवी झाली, हसाहशी झाली, चहा झाला. बाईंनी धाकटीला विचारलं, "हं, काय काय टिपलंस? ससा बाहेर कधी आला? डावीकडून की उजवीकडून?"

धाकटीनं कागद पाहिला. कोरा होता. खरं सांगायचं तर ती त्या सगळ्या वेळात खिडकीपाशी बघत होती. नवऱ्यानं दोन्ही हात फांद्यांसारखे पसरले होते. शिंक येईना तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, आणि बोटं अशी थरथरत होती, जशी वाऱ्यावर पानं हलावीत. वाक्य नसलेलं झाडही एवढं काही करतं हे तिला कुठं माहीत होतं!

"टिपायचं राहिलं," ती म्हणाली.

"राहणारच," सासूबाई समाधानानं म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

प्रकरण मात्र आता लिहिता आलं. सशानं आणि वाघानं दोघांनीही परवानगी दिली. न्यायाधीशबाईंनी तर स्वतःची साक्ष वाचून तीन ठिकाणी स्वल्पविराम दुरुस्त केले. धाकटीनं लिहिलं की मुलांनी करायच्या नाटकाला लिहिलेला शेवट असतो आणि झालेला शेवट असतो, आणि मुलं त्यातला दुसरा घरी घेऊन जातात. सरांनी ते प्रकरण तिच्यासमोर वाचलं. शेवटचं पान आलं, सरांनी घसा साफ केला, आणि धाकटीनं खुर्ची घट्ट धरली.

"माझ्या शाळेत," सर म्हणाले, "मी ढग होतो."

आणि मग पाऊण तास ते ढगाबद्दलच बोलले.

प्रबंध बांधून गेला, पदवी मिळाली, जाऊबाईंनी फोनवर "या डॉक्टर" म्हटलं. पण नाटक काही धाकटीच्या डोक्यातून जाईना. तिनं वाचनालयात येणाऱ्या मुलांना जमवलं आणि 'वाघाची अडलेली शिंक' बसवलं, तीन अंकी. तिसरा अंक तिनं लिहून काढला होता. ससा बिळातून येतो, वाघासाठी शिंकतो, सगळं जिथल्या तिथं. वाघ एका चुणचुणीत मुलीला दिला. बाईंनी मुखवटा रंगवला, झाडानं पडद्याची दोरी सांभाळली, आणि जुनी पात्रं पहिल्या रांगेत येऊन बसली. त्यांच्यातल्या कुणाचंही मूल नाटकात नव्हतं, त्यामुळे ती सगळं नाटक बघायला मोकळी होती.

पडदा उघडला. जंगलाची सभा भरली. वाघीण ऐटीत आली, स्टुलावर चढली, "माझी शिंक अडली आहे," म्हणाली आणि फाडकन शिंकली.

खरीखुरी. मुखवट्याचा ताजा रंग नाकात गेला असावा. पहिल्या अंकाचं दुसरं वाक्य, आणि नाटक संपलं!

डॉक्टर अर्धवट उठून उभा राहिला. सशानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विंगेत बाईंनी डोळे मिटले आहेत की नाही हे बघायलाही धाकटीला सुचेना, कारण तिनं स्वतःचेच मिटले होते.

स्टेजवर वाघीण गोंधळून उभी. माकडं एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात कासव झालेला मुलगा पुढे सरकला. प्रसंगाला साजेशी मान बाहेर काढून त्यानं वाघिणीकडे नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "ही धाकटी शिंक होती. थोरली अजून आत आहे!"

"बाप रे!" सगळी माकडं एका सुरात ओरडली, आणि नाटक पुढे चालू झालं.